परकीय भाषेच्या अध्ययनातील दैनंदिन शब्दसंग्रह : नवे शब्द आणि उजळणी
(जर्मन भाषेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

परकीय भाषेच्या अध्ययनात व्याकरण, उच्चार, श्रवण व संभाषण या सर्व अंगांना महत्त्व असले तरी शब्दसंग्रहाअभावी ही सर्व अंगे निरुपयोगी ठरतात. विभक्तिप्रत्यय चुकला तरी वक्त्याचा आशय बहुधा पोहोचतो. नेमका शब्दच आठवला नाही तर वाक्य सुरूच होत नाही. असे असूनही महाविद्यालयीन अध्यापनात शब्दसंग्रह हा बहुतांशी विद्यार्थ्याच्या खाजगी कष्टाचा भाग मानला जातो. व्याकरण वर्गात शिकवले जाते आणि शब्द 'घरी पाठ करून या' म्हणून सोडून दिले जातात.

महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, जर्मन भाषेच्या अध्यापनाची परंपरा जुनी आहे. पूर्वी या भाषेकडे वळणारा विद्यार्थी मुख्यतः साहित्य, अनुवाद किंवा उच्च शिक्षण यांसाठी येत असे. आता त्यात परिचारिका, तंत्रज्ञ व आयटीआयचे प्रशिक्षित कामगार यांची भर पडली आहे. महाराष्ट्र शासन व जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग हे राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाल्यानंतर हा प्रश्न केवळ भाषाविभागांचा राहिलेला नाही. कर्ज काढून वर्गाचे शुल्क भरणाऱ्या परिचारिकेच्या दृष्टीने ठराविक मुदतीत ठराविक पातळी गाठणे हा उपजीविकेचा प्रश्न असतो. अशा विद्यार्थ्याला 'रोज पंचवीस-तीस नवे शब्द पाठ करा' असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला हिशेबाच्या कसोटीवर कितपत टिकतो आणि 'एक शब्द' म्हणजे नेमके काय, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

विसरण्याचे स्वरूप :

स्मरण-विस्मरणाच्या प्रायोगिक अभ्यासाचा आरंभ हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून मानला जातो. त्याने निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करण्यास किती कमी वेळ लागतो हे मोजले. एका दिवसानंतर ही बचत सुमारे ३४ टक्के, तर महिन्यानंतर सुमारे २१ टक्के आढळली. या आकड्यांचा 'मनुष्य चोवीस तासांत दोन तृतीयांश विसरतो' असा जो अर्थ व्याख्यानांतून व पुस्तिकांतून सांगितला जातो तो बरोबर नाही. एबिंगहाउसने किती अक्षरगट आठवले हे मोजले नव्हते, तर पुन्हा शिकण्यातील श्रमाची बचत मोजली होती. शिवाय त्याची सामग्री निरर्थक होती आणि प्रयोगाचा विषय तो एकटाच होता. त्याच्या प्रयोगातून खात्रीने घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. विस्मरणाचा वेग आरंभी सर्वाधिक असतो आणि पुढे तो मंदावत जातो. म्हणून पहिली उजळणी लवकर आणि नंतरच्या उजळण्या वाढत्या अंतराने, हे सूत्र निघते.

या सूत्राला दीर्घकालीन पुरावा १९९३ मध्ये मिळाला. बाहरिक कुटुंबातील चौघांनी प्रत्येकी ३०० परकीय शब्द निरनिराळ्या अंतरांनी उजळून अनेक वर्षे त्यांच्या स्मरणाची नोंद ठेवली. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्यांचे फळ १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांच्या तोडीचे ठरले. म्हणजे अंतर वाढविल्याने निम्म्या श्रमात काम झाले. अर्थात अंतर मोठे असताना प्रत्येक वेळी अधिक शब्द विसरलेले आढळतात व शिकणाऱ्यास आपली प्रगती होत नाही असे वाटते, ही त्याची दुसरी बाजू होय.

उजळणी म्हणजे केवळ पुन्हा वाचणे नव्हे, हेही ध्यानात घ्यावे लागते. कार्पिक व रोडिगर यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द दिले होते. शब्द एकदा आठवल्यानंतरही ज्यांना तो पुन:पुन्हा स्मरणातून काढावयास लावला, त्यांनी आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द सांगितले. ज्यांनी आठवलेला शब्द पुढील चाचण्यांतून वगळला, पण वाचणे चालू ठेवले, त्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्याही खाली राहिले. विशेष म्हणजे आठवड्यानंतर आपल्याला किती शब्द आठवतील याचा सर्व गटांचा अंदाज सारखाच, सुमारे निम्मा, होता. आपल्याला काय टिकणार आहे हे विद्यार्थ्याला स्वतःला कळत नाही. 'वाचले की येते असे वाटते, पेपरात आठवत नाही' ही तक्रार आळसाची निदर्शक असतेच असे नाही.

आपल्याकडील संथा घेण्याच्या पद्धतीत पुस्तक बाजूला ठेवून म्हणण्यावर भर होता, हे या संदर्भात आठवणे अप्रस्तुत होणार नाही. मात्र त्या परंपरेत पाठ क्रमाने म्हटला जाई. भाषा बोलताना शब्द क्रमाने येत नाहीत. म्हणून यादीतील सातवा शब्द सहाव्याच्या आधाराने आठवणे येथे कामाचे नाही.

आठ शब्दांचे गणित :

युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामायिक चौकटीत भाषाप्रभुत्वाच्या सहा पातळ्या आहेत. गोएथे संस्थेच्या शब्दसूचींनुसार ए-१ पातळीसाठी सुमारे ६५०, ए-२ साठी सुमारे १३०० आणि बी-१ साठी सुमारे २४०० शब्द अपेक्षित असतात. रोज आठ नवे शब्द टिकविले तर ६५० शब्दांस साधारण बारा आठवडे आणि २४०० शब्दांस ३०० दिवस लागतात. म्हणजे दहा महिन्यांत बी-१ ची सूची पूर्ण होते. यासाठी रोज तीस शब्दांची गरज मुळातच नाही.

तीस शब्दांचा संकल्प मोडतो तो इच्छाशक्तीच्या अभावी नव्हे. त्याचे कारण साध्या बेरजेत आहे. शिकलेला प्रत्येक शब्द १, ३, ७, १६ व ३५ दिवसांनी असा पाच वेळा उजळावयाचा, असे धरू. रोज दहा नवे शब्द घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दहा, चौथ्या दिवशी वीस, आठव्या दिवशी तीस, सतराव्या दिवशी चाळीस आणि छत्तिसाव्या दिवसापासून रोज पन्नास शब्द उजळावे लागतात. नवे शब्द दहाच राहतात, ओझे मात्र पाचपट होते. तीस शब्द घेणाऱ्याची उजळणी याच हिशेबाने दीडशेवर जाते. एका उजळणीस दहा सेकंद आणि नव्या शब्दास दीड मिनिट धरल्यास दहा शब्दांचे काम रोज सुमारे २३ मिनिटांत आटोपते; तीस शब्दांना ७० मिनिटे लागतात, आणि तीही एकही शब्द विसरला नाही तर. पहिल्या आठवड्यात हे ओझे जाणवत नाही, ते दुसऱ्या महिन्यात पूर्ण पडते. उत्साहाने प्रवेश घेतलेले विद्यार्थी याच सुमारास गळू लागतात, त्याचा या हिशेबाशी संबंध असावा.

खंडाचा हिशेबही असाच आहे. रोज दहा शब्दांच्या क्रमात दिवाळीच्या सुट्टीचे दहा दिवस गेले तर परतल्यावर अडीचशेहून अधिक शब्द उजळणीच्या प्रतीक्षेत साचलेले असतात. अशा वेळी विद्यार्थी एक तर सर्व एका दिवसात संपवू पाहतो किंवा वही मिटून ठेवतो. पाच-सहा दिवस नवे शब्द पूर्ण थांबवून रोज पन्नास जुने शब्द काढणे, एवढाच त्याचा उपाय आहे. पण तो कोणी सांगावा लागतो.

सेबास्टियन लाइटनर या विज्ञानलेखकाने १९७२ मध्ये सुचविलेली खोक्याची पद्धत हा हिशेब विद्यार्थ्याच्या डोक्यावर न टाकता सांभाळते. खोक्यात पाच कप्पे, प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी; उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढील कप्प्यात, चुकले की पहिल्यात. पुढील कप्पे क्रमाने अधिक अंतराने उघडावयाचे. पुढे संगणकावर हेच तत्त्व १९८७ मध्ये पोलंडमधील प्योत्र वोझ्नियाक यांच्या 'सुपरमेमो'ने व २००६ पासून 'अंकी' या प्रणालीने राबविले. साधन कोणते हा प्रश्न गौण आहे. जोड्याच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार आडवे तुकडे बसवूनही तेच काम होते, आणि मोबाइलवर शब्द पाहता पाहता अन्यत्र भरकटण्याचा धोका त्यात नसतो.

'एक शब्द' म्हणजे काय :

वरील गणितात एक गृहीत दडलेले आहे. चिठ्ठीच्या एका बाजूला 'टिश' व दुसऱ्या बाजूला 'टेबल' लिहिले की एक शब्द झाला, असे ते गृहीत होय. जर्मन भाषेत हे अपुरे आहे. नामाचे लिंग ठाऊक नसेल तर उपपद, विशेषणाचे रूप आणि सर्वनाम हे तिन्ही चुकतात. अनेकवचन नियमाने सांगता येतेच असे नाही. म्हणून चिठ्ठीवर 'डेर टिश, डी टिशे' असे लिहिले तरच तो शब्द वापरण्याजोगा होतो.

मराठीभाषक विद्यार्थ्याला येथे एक लाभ आहे व त्या लाभातच एक अडचण आहे. हिंदीत लिंगे दोन. इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग नाही. मराठीत मात्र जर्मनप्रमाणेच तीन लिंगे असून निर्जीव वस्तूही 'तो', 'ती' किंवा 'ते' असू शकते, हे मराठी मुलाला समजावून सांगावे लागत नाही. 'घर', 'पुस्तक', 'पाणी', 'वर्ष', 'शेत' व 'मूल' यांचे जर्मन प्रतिशब्द अनुक्रमे हाउस, बूख, वासर, यार, फेल्ट व किंट हेही नपुंसकलिंगीच आहेत. ही यादी पाहून विद्यार्थी सुखावतो आणि पुढे फसतो. दार नपुंसकलिंगी, पण 'ट्यूर' स्त्रीलिंगी. खिडकी स्त्रीलिंगी, पण 'फेन्स्टर' नपुंसकलिंगी. चंद्र व 'मोंट' दोन्ही पुल्लिंगी, पण सूर्य पुल्लिंगी असता 'झोने' स्त्रीलिंगी. डोळा पुल्लिंगी, नाक नपुंसकलिंगी. जर्मनमध्ये डोळा नपुंसकलिंगी तर नाक स्त्रीलिंगी. मातृभाषेतील लिंग इतक्या खोलवर रुजलेले असते की ज्या शब्दाचे लिंग दोन्ही भाषांत भिन्न आहे, त्याची उजळणी अधिक वेळा करावी लागते. अशा चिठ्ठ्यांना वेगळी खूण करणे हा साधा पण उपयुक्त उपाय आहे.

'मेडशेन' म्हणजे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी कसा, हा प्रश्न बहुतेक वर्गांत विचारला जातो. 'शेन' हा लघुत्ववाचक प्रत्यय लागलेले प्रत्येक नाम जर्मनमध्ये नपुंसकलिंगी होते. मराठीतही लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू ही लहानग्यांची नामे नपुंसकलिंगीच आहेत. लेकरू मुलगा असो वा मुलगी, ते 'ते'च. इंग्रजीच्या आधाराने शिकविणाऱ्या पाठ्यपुस्तकात हे साम्य येणार नाही. ते मराठी शिक्षकानेच दाखवावयास हवे.

शब्द लिंगासह शिकण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. ज्याला आपण अमरकोश म्हणतो त्या ग्रंथाचे मूळ नाव 'नामलिंगानुशासन' असे आहे. नाम आणि त्याचे लिंग यांचे एकत्र अनुशासन हाच त्याचा हेतू होता. अमरकोश पाठ करणारा विद्यार्थी शब्द व लिंग वेगवेगळे साठवीत नसे.

सामासिक शब्दांच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याची बाजू अधिक भक्कम आहे. जर्मनमधील लांबलचक शब्द पाहून इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी बिचकतो. वस्तुतः 'क्रांकन' या पूर्वपदाचा अर्थ रुग्ण. त्यापासून 'क्रांकनहाउस' म्हणजे रुग्णालय, 'क्रांकनवागन' म्हणजे रुग्णवाहिका आणि 'क्रांकनफेरझिशेरुंग' म्हणजे आजारपणाचा विमा. तिन्हींची लिंगे भिन्न आहेत, कारण समासाचे लिंग अखेरच्या पदावरून ठरते. तत्पुरुष समास उत्तरपदप्रधान असतो, हे शाळेत शिकलेले वाक्य येथे जसेच्या तसे लागू पडते. ज्याने हाउस, वागन व फेरझिशेरुंग हे शब्द लिंगासह शिकले आहेत, त्याला ही तीन नामे नव्याने पाठ करण्याची गरज उरत नाही. दैनंदिन आठ शब्दांत अशी उत्तरपदे आधी घेतली तर पुढील कित्येक शब्द फुकट मिळतात.

धातूंची कथाही अशीच आहे. संस्कृतात 'हृ' धातूपासून उपसर्गभेदाने आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे परस्परांपासून दूरचे अर्थ निघतात. जर्मनमधील 'श्टेऽन' म्हणजे उभे राहणे. त्यापासून 'फेरश्टेऽन' म्हणजे समजणे, 'एन्टश्टेऽन' म्हणजे निर्माण होणे, 'बेश्टेऽन' म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण होणे आणि 'आउफश्टेऽन' म्हणजे उठणे. यांपैकी शेवटच्याचा उपसर्ग वाक्यात सुटून अखेरीस जातो. वैदिक भाषेतही उपसर्ग क्रियापदापासून दूर राहू शकत असे, हे संस्कृतच्या विद्यार्थ्यास सांगितल्यास त्याची भीती पुष्कळ कमी होते. मात्र हे साम्य समजण्यासाठी आहे, पाठांतरासाठी नाही. हे चारही धातू एकाच दिवशी पाठ करावयास दिले तर ते एकमेकांत मिसळतात.

हा शेवटचा मुद्दा पाठ्यपुस्तकांच्या रचनेशी निगडित आहे. एका पाठात सर्व रंग, दुसऱ्यात सर्व अवयव, तिसऱ्यात सर्व वार अशी मांडणी रूढ आहे. टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये व वेअरिंग यांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत, अर्थाने निकटचे शब्द एकत्र शिकताना असंबद्ध शब्दांपेक्षा अधिक वेळ लागल्याचे दिसले. मंगळवारचा 'डीन्सटाग' आणि गुरुवारचा 'डोनर्सटाग' यांची गल्लत वर्षभर न सुटणारे विद्यार्थी याचा पडताळा देतात. पाठ्यपुस्तक बदलणे शिक्षकाच्या हाती नसते; एका पाठातील वीस शब्द पाच दिवसांत विखरून देणे मात्र त्याच्या हाती असते.

ध्वनिसाम्याच्या क्लृप्तीबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. ॲटकिन्सन व राऊ यांच्या १९७५ मधील प्रयोगात, रशियन शब्दाशी उच्चाराने मिळताजुळता इंग्रजी शब्द घेऊन त्याचे अर्थाशी चित्र जोडणाऱ्यांना १२० पैकी ७२ टक्के, तर इतरांना ४६ टक्के शब्द आठवले. मराठीतही हे साधते. 'काने' म्हणजे किटली. किटलीचा कान डोळ्यांपुढे आणला की शब्द पक्का होतो. पण 'काने' स्त्रीलिंगी व कान पुल्लिंगी, त्यामुळे ही क्लृप्ती अर्थ देते आणि लिंग बिघडवते. अडलेल्या शब्दापुरतीच ती वापरावी. इंग्रजीवरून अंदाज बांधणेही असेच दुधारी आहे. जर्मन 'गिफ्ट' म्हणजे भेट नव्हे, विष. 'शेफ' म्हणजे आचारी नव्हे, वरिष्ठ अधिकारी. आणि 'बेकोमेन' म्हणजे होणे नव्हे, मिळणे.

वर्गाध्यापनातील स्थान :

कोणते शब्द आधी, याचा निर्णय वारंवारतेवरून करण्याची पद्धत जुनी आहे. फ्रीडरिश विल्हेल्म केडिंग याने १८९७ च्या सुमारास जवळपास १ कोटी १० लाख जर्मन शब्दांची गणना करून वारंवारताकोश तयार केला, तो लघुलेखनाच्या सोयीसाठी. इंग्रजीसाठी मायकेल वेस्टची सुमारे २००० शब्दांची सूची १९५३ मध्ये आली. आरंभीच्या हजार-दीड हजार शब्दांपर्यंत अशा सूचींचा उपयोग निर्विवाद आहे. त्यापुढे शिकणाऱ्याच्या प्रयोजनानुसार वाटा फुटतात, आणि येथे शिक्षकाचे काम वाढते.

तासाची पहिली सात-आठ मिनिटे जुन्या शब्दांस देणे हा सर्वांत कमी खर्चाचा बदल आहे. हे शब्द कालच्या पाठातील नसावेत. एक आठवड्यापूर्वीचे, महिन्यापूर्वीचे व गेल्या सत्रातील असे मिसळून घ्यावेत, आणि प्रश्न मराठीतून जर्मनकडे जाणारा असावा. जर्मन शब्द ओळखणे तुलनेने सोपे, तो स्वतः उच्चारणे कठीण. अंतर्गत मूल्यमापनातही बहुधा चालू घटकाचेच शब्द विचारले जातात. घटक संपला की विद्यार्थी ते शब्द सोडून देतो, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच ठरते. पहिल्या सत्रातील वीस शब्द दुसऱ्या सत्राच्या चाचणीत लिंग व अनेकवचनासह विचारले जाणार आहेत, एवढे आधी जाहीर केले तरी उजळणीला कारण मिळते.

परिचारिकांच्या वर्गात निवडीचा प्रश्न अधिक नाजूक होतो. सूचीतील 'श्मेर्त्सन' म्हणजे वेदना हा शब्द त्यांना लवकर येतो. रुग्ण मात्र 'वेदना होतात' एवढ्यावर थांबत नाही. ती 'श्टेशेंट', 'ब्रेनेंट', 'पोखेंट' की 'डुम्प्फ' हेही तो सांगतो. मराठी परिचारिकेला हे भेद नवे नाहीत. टोचल्यासारखे होणे, जळजळ, ठणका आणि मंद दुखणे यांतील फरक ती रोज आपल्या भाषेत ऐकत असते, आणि ठणका म्हटले की कोठे पाहावयाचे हे तिला ठाऊक असते. अशा विद्यार्थिनीला पाठ्यपुस्तकातील पुढचे आठ शब्द देण्याऐवजी, वॉर्डात दिवसभर ऐकलेले आठ मराठी शब्द वहीत उतरवून आणावयास सांगावे आणि त्यांचे जर्मन प्रतिशब्द वर्गात शोधून चिठ्ठ्यांवर लिहावेत. चक्कर, मळमळ, कणकण, ग्लानी यांपैकी काहींना एक नेमका शब्द मिळेल. 'कणकण' हा शब्द मात्र वाक्यानेच सांगावा लागेल, आणि मग चिठ्ठीवर ते वाक्यच लिहावे.